पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात नसलेला अभ्यास

२१ मार्च १९८३ या दिवशी संगणकशास्त्रातल्या काही जाणत्या मंडळींनी ८३ शोधनिबंधांतून १६ निवडले. ऑपरेटिंग सिस्टिम या विषयावर तेव्हा दर दोन वर्षांनी भरणाऱ्या एसओएसपी नावाच्या परिषदेची ती निवड समिती. उरलेले ६७ निबंध परत गेले. एवढ्यापर्यंत नवल काहीच नाही, समित्या हेच करतात. नवल पुढे आहे. रॉय लेव्हिन आणि डेव्हिड रेडेल हे समितीचे दोघे प्रमुख. चांगल्या कल्पनाही निव्वळ मांडणीत मार खातात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी एक लहानसा लेख लिहून छापूनच टाकला: निबंध वाचताना आम्ही मनातल्या मनात कोणते प्रश्न विचारतो. तुमची कल्पना नवी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? तुम्ही ही यंत्रणा खरंच बांधलीत, की नुसती योजना आहे? बांधताना काय शिकलात, आणि वाचणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं?

म्हणजे परीक्षकांनी स्वतःच पेपर फोडला म्हणायचा.

हे इतकं महत्त्वाचं का, ते समजायला एक गोष्ट ठाऊक असावी लागते. बहुतेक शास्त्रांत नियतकालिकात लेख छापून येणं ही मोठी गोष्ट आणि परिषद म्हणजे भेटीगाठी. संगणकशास्त्रात उलटं आहे. मोठ्या परिषदेने निबंध स्वीकारणं हीच इथली मान्यता. पीएच.डी. करणाऱ्या पोराचा किंवा पोरीचा एक निबंध अशा ठिकाणी लागला की पुढची नोकरी, पुढचं अनुदान, कधीकधी पुढचं आयुष्य ठरतं. आणि तो कसा लागतो, हे मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

मी पीएच.डी. केलेली नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. पण आमच्या धंद्यात या प्रकाराशी रोज गाठ पडते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर कुणाला उठवायचं, कुठली जुनी फाइल चुकूनही हलवायची नाही, अमुक साहेबांना ई-मेल लिहायची की थेट जाऊन बोलायचं, हे सगळं टीममधल्या दोन-तीन जुन्या माणसांच्या डोक्यात असतं. नवा माणूस त्यांच्याबरोबर चहाला गेला तर त्याला कळतं, नाही गेला तर नाही. हल्ली परिषदांच्या आदल्या दिवशी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दिवसभराच्या कार्यशाळा असतात: निबंध कसा लिहावा, भाषण कसं द्यावं, मार्गदर्शकाशी कसं वागावं, नोकरी कशी शोधावी. त्यांचा इतिहास मी धुंडाळायला लागलो तो याच कुतूहलाने. डोक्यातलं ज्ञान कागदावर आलं कसं, आणि ते आणायला कुणी भाग पाडलं?

आधी ते जेवणाच्या टेबलावर मिळत असे. याचं सगळ्यात चांगलं वर्णन रिचर्ड हॅमिंग यांच्या भाषणात आहे. हॅमिंग बेल लॅब्जमधले नामांकित गणिती. ७ मार्च १९८६ रोजी बेलकोरमध्ये त्यांनी संशोधकाने काम कसं करावं यावर भाषण दिलं, आणि ते आजही पीएच.डी.वाले एकमेकांना पाठवत असतात. हॅमिंग सांगतात की ते दुपारी पदार्थवैज्ञानिकांच्या टेबलावर जेवत. तिथली चांगली माणसं पांगल्यावर ते रसायनवाल्यांच्या टेबलावर बसायला लागले. त्यांना विचारलं, तुमच्या विषयातले महत्त्वाचे प्रश्न कोणते? काही दिवसांनी विचारलं, मग तुम्ही त्यांच्यावर काम का करत नाही? त्यानंतर त्या टेबलावर त्यांचं स्वागत बंद झालं. त्याच भाषणात दाराचीही गोष्ट आहे. खोलीचं दार लावून काम करणारा माणूस आज जास्त काम उरकतो. उघडं ठेवणाऱ्याला येणारे-जाणारे त्रास देतात, पण दहा वर्षांनी नेमकं कशावर काम करायला हवं ते त्यालाच कळलेलं असतं.

मी हे भाषण तीनदा तरी वाचलंय आणि दरवेळी आवडलंय. फक्त या सल्ल्याला आधी एक खोली लागते. शिवाय दारावरून जाणाऱ्यांनी तुम्हाला आपल्यातला मानावं लागतं.

ते मानत नसतील तर काय होतं, याची नोंद लेव्हिन-रेडेल यांच्या समितीच्या महिनाभर आधीची आहे. फेब्रुवारी १९८३ मध्ये एमआयटीच्या संगणकशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांतल्या विद्यार्थिनी आणि संशोधक बायकांनी मिळून एक अहवाल लिहिला. त्यात मोठ्या अन्यायांपेक्षा बारीकसारीक गोष्टीच जास्त आहेत. लहान मुलीशी बोलावं तसं बोलणं. पात्रतेवर शंका. नको असलेलं लक्ष. आणि ‘अदृश्यता’, म्हणजे चर्चेत बोललेलं कुणाच्या कानावरच न जाणं. वाचताना जाणवतं की यातली एकेक गोष्ट तक्रार करण्याइतकी मोठी नाही, पण सगळ्या मिळून ते जेवणाचं टेबल गायब होतं.

चार वर्षांनी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, तीच एसओएसपी परिषद टेक्सासमधल्या ऑस्टिनला भरली. तिथे अनिता बोर्ग आल्या होत्या. ही बाई मुळात गमतीची. विम्याच्या एका छोट्या कंपनीत नोकरी करता करता स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकली, आणि १९८१ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठातून ऑपरेटिंग सिस्टिमवर पीएच.डी. झाली. शेकडो पुरुषांच्या त्या परिषदेत बायका इतक्या मोजक्या की त्यांचं बोलणं जमलं ते स्वच्छतागृहात. परिषदेच्या जेवणाच्या टेबलाला पर्याय म्हणून ही जागा कशी वाटते बघा. परिषद संपली तरी बोलणं चालू राहावं म्हणून बोर्ग यांनी ई-मेलची एक यादी सुरू केली आणि तिला ‘सिस्टर्स’ नाव दिलं. स्पेलिंगमध्ये सिस्टिम आणि सिस्टर यांची सरमिसळ. आत फक्त बायका, तीही तांत्रिक काम करणाऱ्या. त्यावरून ‘हा उलटा भेदभाव नाही का’ असा वादही झाला. बोर्ग यांचं म्हणणं साधं होतं: पुरुषांना अशी यादी लागत नाही, कारण त्यांच्याकडे अख्खं क्षेत्र आहे.

इथून पुढे चक्र भराभर फिरतं. अमेरिकेतल्या संगणक विभागांची कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशन ही संघटना आहे. तिने १९९१ मध्ये स्त्री-संशोधकांसाठी समिती नेमली. तिचं नाव सीआरए-डब्ल्यू, आणि सुरुवातीच्या प्रमुख मारिया क्लावे आणि नॅन्सी लेव्हसन. क्लावे हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. १९९३ मध्ये सॅन दिएगोला अनेक संगणक-परिषदा पहिल्यांदाच एका छत्राखाली भरल्या, तेव्हा या समितीने त्यांना जोडून प्राध्यापकी करू पाहणाऱ्या बायकांसाठी कार्यशाळा घेतली. पुढच्या वर्षी, जून १९९४ मध्ये, बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी वॉशिंग्टनला ‘ग्रेस हॉपर सेलिब्रेशन’ भरवलं. नाव ॲडमिरल ग्रेस हॉपर यांचं, १९३४ मध्ये येलमधून गणितात पीएच.डी. झालेल्या आणि दोनच वर्षांपूर्वी वारलेल्या. २००१ मध्ये ह्यूस्टनला गणिती रिचर्ड टापिया यांच्या नावाने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून अशीच परिषद सुरू झाली. आणि २००४ मध्ये सीआरए-डब्ल्यूने खास पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थिनींसाठी ‘ग्रॅड कोहोर्ट’ ही दोन दिवसांची कार्यशाळा चालू केली.

सुरुवातीच्या वर्षांतल्याच का? कारण मधेच पीएच.डी. सोडणं बहुतेकदा तेव्हाच घडतं, आणि ते कुणाला दिसतही नाही. चौथ्या वर्षी कुणी सोडलं तर विभागात चर्चा होते. पहिल्या वर्षी सोडलं तर ‘तिला नोकरी लागली वाटतं’ एवढ्यावर विषय संपतो.

अशा कार्यशाळांत जे सांगतात ते ऐकायला क्षुल्लक वाटेल. मार्गदर्शक निवडताना त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा. परीक्षकांचे शेरे आले की त्या दिवशी उत्तर लिहू नका. परिषदेतलं भाषण म्हणजे निबंध वाचून दाखवणं नव्हे. ते निबंधाची जाहिरात आहे, तेव्हा एक उदाहरण नीट सांगा आणि बाकी सोडून द्या. (हा शेवटचा सल्ला सायमन पेटन जोन्स, जॉन ह्यूज आणि जॉन लाँचबरी यांनी १९९३ मध्येच लेख लिहून दिला होता. आमच्या ऑफिसातल्या डेमोंना जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो लेख द्यावा असं मला नेहमी वाटतं.) आणि ‘टू-बॉडी प्रॉब्लेम’ असतोच. पदार्थविज्ञानातून उचललेला हा विनोद: नवरा-बायको दोघंही संशोधक असतील तर दोघांना एका गावात नोकरी कशी मिळवायची. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असा रकानाच असतो. अमेरिकी विद्यापीठांत रकाना नाही, म्हणून ते कुजबुजत विचारावं लागतं. मुलाखतीच्या कुठल्या टप्प्यावर विचारायचं, एवढं सांगायला कुणीतरी अनुभवी बाई समोर बसलेली असणं, हीच ती कार्यशाळा.

याने फरक पडतो का? असल्या कार्यक्रमांनंतर वाटली जाणारी अभिप्रायपत्रकं मला पटत नाहीत. जेवण चांगलं असलं की गुण चांगले पडतात. पण अर्थशास्त्रज्ञांनी हे नीट तपासून पाहिलं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या स्त्री-समितीने २००४ पासून वार्षिक परिषदेला जोडून तरुण प्राध्यापिकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा सुरू केली. तिचं नाव सिमेंट. अर्थशास्त्रज्ञांच्या मानाने विनोद बरा आहे. जागा कमी, अर्ज जास्त. तेव्हा त्यांनी पात्र अर्जांतून सरळ चिठ्ठ्या टाकून नावं काढली आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्याकडेही वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. आम्ही वेबसाइटवरच्या बटणाचा रंग बदलून जे करतो तेच, फक्त इथे पणाला करिअर.

फ्रान्सिन ब्लाउ, जॅनेट करी, रेचल क्रोसन आणि डोना गिंथर यांनी २०१० मध्ये पहिले निष्कर्ष छापले. २००४ च्या तुकडीत पाच वर्षांनंतर, कार्यशाळेला गेलेल्या बायकांचे सरासरी तीन निबंध जास्त होते, आणि अव्वल नियतकालिकात एखादा तरी निबंध असण्याचं प्रमाण २५ टक्के-बिंदूंनी जास्त. २०२० मध्ये त्याच चौघींनी पुन्हा हिशेब मांडला: गेलेल्या बायका विद्यापीठीय क्षेत्रात टिकण्याची आणि जगातल्या पहिल्या पन्नास विभागांत कायम होण्याची शक्यता अधिक. या बायका विद्यार्थिनी नव्हत्या, नोकरीला लागलेल्या प्राध्यापिका होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा पीएच.डी.वाल्यांना लावता येणार नाही. तरी दोन दिवसांच्या गप्पांचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनंतर मोजण्याइतका शिल्लक राहतो, हे वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. दोन दिवसांत कुणी हुशार होत नाही. म्हणजे ज्या गोष्टी त्यांना तिथे कळल्या त्या इतरांना आधीच कुठेतरी कळत असणार.

या कार्यशाळांवर माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो समजवायला मारिया क्लावे यांच्याकडे परत जावं लागेल. ९ ऑक्टोबर २०१४, फिनिक्स. ग्रेस हॉपर सेलिब्रेशन आता हजारोंचा मेळा झालेला. मंचावर मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला, आणि त्यांची मुलाखत घेतायत क्लावे, तेव्हा हार्वे मड कॉलेजच्या अध्यक्ष आणि मायक्रोसॉफ्टच्या संचालक मंडळावरही. त्यांनी विचारलं, पगारवाढ मागायला संकोचणाऱ्या बायकांना काय सांगाल? नडेला म्हणाले, मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवा. न मागणं हे चांगलं कर्म आहे, ते फिरून येतं.

फिनिक्सच्या त्या सभागृहात ‘कर्म’ हा शब्द कसा ऐकू गेला असेल कोण जाणे. आपल्याला तो ओळखीचा वाटतो, आणि तो नेमका कुणाला ऐकवला जातो तेही. क्लावे यांनी तिथल्या तिथे सांगितलं की मला हे मान्य नाही, आणि टाळ्या पडल्या. मग स्वतःचं सांगितलं: प्रिन्स्टनला डीन म्हणून रुजू होताना पगाराची घासाघीस केलीच नाही, आणि त्यापायी पन्नासेक हजार डॉलर कमी पडले असतील. तुम्ही असं करू नका. आधी माहिती काढा, विश्वासातल्या माणसासमोर बसून मागण्याची तालीम करा. नडेलांनी त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून आपलं उत्तर साफ चुकल्याचं मान्य केलं.

हा प्रसंग क्लावे यांचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. सल्लाही खरा, उपयोगी, कार्यशाळेच्या परंपरेतला. पण पुन्हा एकदा गृहपाठ आला तो बाईच्याच वाट्याला. पगार ठरवणारा मंचावर बसलाय आणि तालीम करायचीय मागणाऱ्याने. तीस-पस्तीस वर्षांच्या या इतिहासात कार्यशाळांनी मोजक्यांचं गुपित सगळ्यांना सांगितलं, हे थोर काम आहे. मार्गदर्शकांसाठी, निवड समित्यांसाठी, पगार ठरवणाऱ्यांसाठी मात्र तितक्या उत्साहाने कुणी कार्यशाळा भरवत नाही. म्हणून लेव्हिन आणि रेडेल मला या गोष्टीत अजूनही वेगळे वाटतात. ते समितीचे प्रमुख होते, आणि तोंड त्यांनी उघडलं.

दरम्यान ही प्रथा बायकांच्या परिषदांतून मुख्य परिषदांत आली. प्रोग्रॅमिंग भाषांच्या क्षेत्रातली पॉपल ही परिषद १९७३ पासून भरते. २०१२ मध्ये फिलाडेल्फियाला तिच्या जोडीने विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन-कार्यशाळा सुरू झाली, पीएलएमडब्ल्यू नावाची. ती सगळ्यांना खुली, येण्याजाण्याच्या खर्चाला मदत, आणि पीएच.डी. करावी की नाही या विचारात असलेल्यांनाही बोलावणं. बायकांनी स्वतःसाठी खणलेल्या विहिरीवर आता सगळा गाव पाणी भरत होता, आणि त्यात वाईट काही नाही.

फिनिक्सनंतर तीन महिन्यांनी, जानेवारी २०१५ मध्ये, पॉपल पहिल्यांदाच आशियात आली. मुंबईत. तिच्याबरोबर ही कार्यशाळाही आली. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. कंपायलर हा विषय आमच्या अभ्यासक्रमात होता, परीक्षेला पंधरा गुणांना नक्की येई, आणि त्या विषयातली जगातली सगळ्यात मोठी माणसं तीन-साडेतीन तासांवर येऊन बसली आहेत हे आमच्या कॉलेजात कुणाच्याही कानावर आलं नाही. मला ते नोकरीला लागल्यावर कळलं, एका जुन्या निबंधाच्या पानाच्या तळाशी ‘मुंबई, भारत’ वाचून. गुपित सगळ्यांना सांगायचं ठरवलं तरी ते कुठे सांगितलं जातंय हे एक वेगळं गुपित उरतंच.

आपल्याकडे या प्रश्नाला नियमाने उत्तर देण्याची पद्धत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये ठरवलं की प्रबंध देण्याआधी एक निबंध छापलेला हवा आणि परिषदांत दोन सादरीकरणं हवीत. परिणाम काय झाला ते कुठल्याही कॉलेजच्या सूचनाफलकाला विचारा: एक दिवसाचे राष्ट्रीय परिसंवाद, सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. समांतर सत्रात पाच मिनिटांत निबंध वाचायचा, ऐकायला पुढचे वाचणारे. परिषदेचं सोंग आलं. त्यातलं शिकणं तेवढं आलं नाही. २०२२ च्या नियमांत ही सक्ती काढून टाकली. त्याआधी संशोधनातल्या नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला होता, तो चांगलाच आहे. पण परीक्षकाचा कडक शेरा कसा वाचावा, यावर आयोगाला नियम करता येत नाही.

तिकडेही सगळं पक्कं नाही. या कार्यशाळांचा बराचसा खर्च अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने उचलला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच संस्थेने समावेशकतेसाठी दिलेली अनुदानं मोठ्या संख्येने रद्द केली. प्रवासखर्चाची मदत गेली की सर्वांत आधी कोण गळतं, हे सांगायला चिठ्ठ्या टाकून प्रयोग करण्याची गरज नाही.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण नोकरी सोडून पीएच.डी.ला गेली, देशातल्याच एका संस्थेत. यंदा तिला परदेशातल्या परिषदेच्या अशाच कार्यशाळेत जागा मिळाली, प्रवासखर्चासकट. जाण्याआधी तिने विचारायच्या प्रश्नांची यादी केली होती आणि ती मला वाचायला पाठवली. पहिले दोन प्रश्न तिच्या विषयातले, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिसरा होता: कॉफीच्या वेळी चार जण गोल करून बोलत असतात, त्यांच्यात शिरायचं कसं?